पद्मिनी घाटात तापते, म्हणून मोठा रेडिएटर घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची प्रीमियर पद्मिनी तुम्ही इंदूरला दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणली. शहरात तापमानाचा काटा जागेवर राहतो, ओंकारेश्वरला जातानाही काही होत नाही. परतीच्या वाटेवर भेरूघाट चढताना मात्र काटा लालात जातो आणि सिमरोलच्या आधी बॉनेट उघडून थांबावं लागतं. एकाने अ‍ॅल्युमिनियमचा मोठा रेडिएटर सुचवला, दुसऱ्याने इलेक्ट्रिक फॅन, तिसऱ्याने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) काढून फेकायला सांगितलं. पुढे एसी बसवायचाही विचार आहे. यातलं काय घ्यावं आणि कसं बसवावं?

माझं उत्तर आधी सांगतो: अजून काहीच घेऊ नका. ही गाडी निघाली तेव्हा याच रस्त्यावरून, याच उन्हात चालत होती. मूळ कूलिंग त्या वेळी पुरत होतं, तर आज ते का पुरत नाही हे आधी शोधायला हवं. तसं न करता मोठा रेडिएटर बसवला तर दुखणं झाकलं जाईल, आणि एसी लावला की तेच दुखणं पुन्हा वर येईल.

इंजिन किती उष्णता टाकतं याचा अंदाज घेऊ. पेट्रोलच्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरवाटे जातो आणि जवळजवळ तितकाच पाण्यात उतरतो. म्हणजे चाळीसेक हॉर्सपॉवरचं १०८९ सीसीचं हे इंजिन पूर्ण जोर लावतं, तेव्हा रेडिएटरला साधारण ३० किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. दर सेकंदाला एक लिटर पाणी फिरत असेल तर तेवढ्यासाठी ते रेडिएटरमध्ये सुमारे ७ अंशांनी निवायला हवं. पंप निम्मंच पाणी ढकलत असेल, तर १४ अंशांनी.

आता हवेची बाजू बघा. रेडिएटर किती उष्णता टाकेल हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. डिसेंबरात हवा १५ अंश आणि पाणी ९० अंश, म्हणजे फरक ७५. मे महिन्यात बडवाहच्या बाजूला हवा ४३ अंश, म्हणजे फरक ४७. तोच रेडिएटर, तोच फॅन, पण काम हिवाळ्याच्या ६३ टक्केच. माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरलं की हवा आणखी तापलेली असते, आणि गाडी तिथूनच वर चढायला लागते. त्यात पुढे ट्रक, वेग वीस-पंचवीसचा, म्हणजे समोरून येणारा वाराही नाही. कूलिंगची यापेक्षा कठीण परीक्षा आपल्या भागात नाही. तुमची गाडी तिथेच नापास होते, बाकी सगळीकडे पास होते. याचा अर्थ कूलिंगमध्ये बिघाड असा एकच नाही, त्याची ताकद थोडी थोडी करून घटली आहे. जुन्या गाडीत असंच होतं: रेडिएटरच्या नळ्या थोड्या बुजलेल्या, बेल्ट थोडा सैल, रेडिएटरची कॅप थोडी थकलेली, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) थोडं मागे.

निदानाचा एक साधा नियम मी नेहमी वापरतो. गाडी उभी असताना किंवा ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर दोष हवेचा: फॅन, फॅनचा बेल्ट, काउल (फॅनभोवतीचं पत्र्याचं वेष्टन), मातीने भरलेल्या जाळ्या. उलट ट्रॅफिकमध्ये ठीक पण सत्तर-ऐंशीच्या वेगात तापते, तर दोष पाण्याचा: आतून बुजलेला रेडिएटर, पंप, आत दबणारा खालचा होज (रबरी नळी). किंवा मग इंजिनच वाजवीपेक्षा जास्त उष्णता तयार करतंय. फक्त घाटात तापत असेल तर दोन्हीकडे बघावं लागतं.

त्यासाठी लेझर थर्मामीटर घ्या, आता तो कुठेही मिळतो. चकचकीत पितळेवर तो खोटं सांगतो, म्हणून रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या टाकीवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि तिथे मोजा. गाडी चांगली तापली की घाटातच सुरक्षित जागा बघून कडेला घ्या, इंजिन चालूच ठेवा आणि लगेच दोन्ही आकडे घ्या. वर १०० आणि खाली ७५ आलं, तर रेडिएटर पाणी निववतोय पण पाणी हळू फिरतंय: पंप, बेल्ट, खालचा होज किंवा अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट. वर १०० आणि खाली ९७ आलं, तर पाणी भरपूर फिरतंय पण हवा उष्णता नेत नाहीये. मग कोअरवरून (दोन टाक्यांमधला नळ्या-जाळ्यांचा भाग) आडवा-उभा थर्मामीटर फिरवा. मध्येच थंड पट्टे लागले तर तेवढ्या नळ्या बंद आहेत. हे पाच मिनिटांचं काम रेडिएटरच्या खरेदीआधी कोणी करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. एका ओळखीच्या कुटुंबाच्या गाडीत एका गॅरेजने रेडिएटर आणि वॉटर पंप दोन्ही बदलले, तरी गाडी सिग्नलवर तापायचीच. फॅनची मोटर बदलताना तिच्या वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या, फॅन हवा ओढायच्या ऐवजी पुढे फेकत होता. ग्रिलसमोर वर्तमानपत्राचा कागद धरला असता तरी कळलं असतं. फॅन ओढतो तेव्हा कागद जाळीला चिकटतो.

थर्मोस्टॅटबद्दल इंदुरात एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं: "भिया, थर्मोस्टॅट निकाल दो, गाडी कभी गरम नहीं होगी." कृपा करून हे करू नका. थर्मोस्टॅटमध्ये मेण असतं, ते ठरलेल्या तापमानाला वितळून फुगतं आणि वाट उघडतं. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट ८२ ला उघडायला लागतो आणि त्यापुढे दहा-बारा अंशांत पूर्ण उघडतो. तो पूर्ण उघडल्यावर त्याचा अडथळा फारसा नसतोच. तो काढला की हिवाळ्यात इंजिन कधी नीट तापत नाही, पेट्रोल पूर्ण जळत नाही, ऑइलमधली वाफ उडून जात नाही, आत गाळ धरतो आणि सिलिंडर झिजतात. शिवाय ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची (रेडिएटर टाळून जाणारी) वाट बंद करतो, तिथे तो काढल्यावर काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत जातं. म्हणजे घाटात गाडी उलट लवकर तापते. नवा थर्मोस्टॅट बसवायच्या आधी पातेल्यात दोऱ्याने टांगून पाणी तापवा आणि किती अंशांना उघडतो ते बघा. नव्या पाकिटातलेही अडकणारे निघतात. बसवताना मेणाचा गोळा इंजिनच्या बाजूला यायला हवा. त्याच्या पट्टीत छोटं भोक असेल तर ते वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे हवा तिथून निसटते.

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ती, म्हणजे इंजिनचं ब्लॉक. पद्मिनीचं ब्लॉक बिडाचं आहे आणि त्यात कित्येक वर्षं कूलंटशिवाय साधं पाणी फिरलेलं असणार. गंज सुटतो, पाण्यातला चुना धरतो आणि हा सगळा गाळ मागच्या सिलिंडरांभोवती बसतो, कारण पाणी पुढून येतं आणि मागे त्याचा वेग कमी असतो. तुम्ही रेडिएटर नवा बसवला तरी चौथ्या सिलिंडरभोवती पाण्याच्या जागी चिखलच असेल, तर तिथलं लोखंड तापणारच. शिवाय सुटलेला गंज नव्या रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसणार, ते वेगळं. ब्लॉकचा ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी) उघडून बघा. पाणी आलंच नाही, तर तारेने टोचून बघा. तिथे गाळ घट्ट झाला असेल. इंजिनच्या कडेचे गोल पत्र्याचे प्लग काढून आतून खरवडणं हे कष्टाचं काम आहे, पण जुन्या इंजिनला त्याइतका फायदा दुसऱ्या कशानेच होत नाही. प्लग काढलेच तर नवे बसवा, जुने ठोकून परत लावू नका. नंतर थर्मोस्टॅट काढून, होज सोडून, पाण्याची धार उलट्या दिशेने सोडा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत चालू ठेवा. तेजाब किंवा कॉस्टिक घालून "एका दिवसात साफ" करणारे असतात, त्यांना हात लावू देऊ नका. या इंजिनचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, ते दोन्हींनी खाल्लं जातं.

पंप खोलला की इंपेलरची (पाणी ढकलणाऱ्या चक्राची) पाती बघा. गंजून अर्धी झालेली पाती वेगात नुसतं पाणी घुसळतात, ढकलत नाहीत. पंपाच्या खालच्या छोट्या भोकातून थेंब येत असेल तर सील गेलं, ते भोक बुजवायचं नसतं. तुमच्या गाडीत फॅन पंपाच्याच शाफ्टवर आहे, त्यामुळे बेअरिंग ढिलं असेल तर फॅन थेट रेडिएटर फाडू शकतो. फॅन धरून पुढे-मागे हलवून बघा.

होज दोन्ही नवे घ्या. खालच्या होजमध्ये पूर्वी स्प्रिंग असायची, कारण तिथे पंप पाणी ओढतो आणि रबर मऊ झालं की नळी आत दबते. उभ्या गाडीत ती चांगलीच दिसते. अ‍ॅक्सिलरेटर वाढवून कोणाला तरी बघायला सांगा. क्लिप चांगल्या, पट्टीच्या कडा वळवलेल्या घ्या. स्वस्त क्लिपची धार रबर कापते.

मग रेडिएटर. तुमचा मूळ पितळ-तांब्याचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: चांगल्या कारागिराकडून त्याच टाक्यांवर नवा कोअर घालून घ्या. गाडीचं मूळ रूप राहतं, बसवायला तोडफोड नाही, आणि पुढे प्रवासात कुठेही झाळून मिळतो. तीन ओळींच्या जागी चार ओळी घालतो म्हणाला तर फार हुरळू नका. मागच्या ओळीला पुढच्या तीन ओळींनी तापवलेलीच हवा मिळते, त्यामुळे चौथीचा फायदा पहिलीइतका कधीच नसतो, आणि जाड कोअरमधून हवा ओढणं फॅनला जड जातं. जागा असेल तर रुंदी-उंची वाढवा. अ‍ॅल्युमिनियमच घ्यायचं ठरलं तर चकाकीवर जाऊ नका. नळ्या किती रुंद आहेत, नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या (फिन्स) नळीला सगळीकडे चिकटल्यात का, टाकीचं वेल्डिंग आतून सलग आहे का ते बघा. तो रबराच्या गादीवर बसवा, बॉडीला थेट बोल्ट मारून आवळू नका. त्यानंतर मल्टिमीटरने एक तपासणी करा: निगेटिव्ह टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, पॉझिटिव्ह टोक कूलंटमध्ये बुडवलेलं, इंजिन चालू, दिवे चालू. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कुठलं तरी अर्थिंग कच्चं आहे आणि वीज पाण्यातून वाट काढतेय. अशाने अ‍ॅल्युमिनियमला काही महिन्यांत भोकं पडतात, आणि दोष कंपनीच्या मालाला दिला जातो.

काउल. तुम्ही पाठवलेल्या फोटोत रेडिएटरमागे काउलच दिसत नाही. मोठ्या रेडिएटरचा विचार करण्याआधी हे करा. काउल नसेल तर फॅन स्वतःसमोरच्या गोलातूनच हवा ओढतो, कोपरे कोरडे राहतात, आणि पात्यांच्या टोकांवरून हवा मागून पुढे परत येते. पत्र्याचं काउल बनवून घ्या, फॅनची पाती जाडीने साधारण निम्मी त्याच्या तोंडात येतील असं. टोकाभोवती किमान अर्धा इंच मोकळा ठेवा, कारण इंजिन गादीवर हलतं. रेडिएटर आणि पुढच्या पत्र्यामधल्या फटीही फोमच्या पट्टीने बुजवा, हवा वळसा घालून जायला नको. आणि जाळ्या बघा. माळव्यात सोयाबीनची काढणी सुरू झाली की रस्त्यावर जो भुसा उडतो तो जाळीत अडकतो, त्यावर धूळ आणि ऑइल बसून लिंपण होतं. इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला, हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरची धार फिन्स वाकवते.

कॅप हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे उघडं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. ०.५ बारची कॅप असेल तर ते ११० पर्यंत टिकतं, ०.९ बारची असेल तर ११८ पर्यंत. स्प्रिंग ढिली पडली किंवा रबर कडक झालं की हा सगळा फायदा जातो आणि गाडी "अचानक" उकळते. पण जुन्या झाळकामाच्या रेडिएटरवर जास्त दाबाची कॅप लावायचा मोह धरू नका, सांधे फाटतील. मूळ दाबाची, नवी कॅप घ्या. ओव्हरफ्लोची नळी तुमच्या गाडीत खाली मोकळी लोंबतेय. पाणी थंड ते गरम होताना सुमारे ४ टक्के फुगतं, म्हणजे सहा लिटरमागे पाव लिटर. ते रस्त्यावर सांडतं आणि थंड झाल्यावर त्या जागी हवा शिरते. छोटी रिकव्हरी टाकी लावा, नळीचं टोक तिच्या तळाशी बुडलेलं ठेवा आणि दोन रबरांची, उलटी ओढ घेणारी कॅप वापरा. मग रेडिएटर कायम काठोकाठ भरलेला राहतो.

पाणी बोअरचं कधीच नको. आपल्या काळ्या खडकातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं, गरम भागावर त्याचा थर बसतो. नळाचं नर्मदेचं पाणीही यासाठी नको. डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणी घ्या, आणि त्यात कूलंट. इथे पाणी गोठायची भीती नाही म्हणून कूलंट कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. कूलंटचं मुख्य काम आपल्याकडे गंज रोखणं आणि उकळबिंदू वाढवणं आहे. साधं पाणी उष्णता जास्त चांगली वाहून नेतं, त्यामुळे मिश्रण गरजेपेक्षा दाट करण्यातही फायदा नाही. काश्मीर-मनालीला जायचं नसेल तर ३५-४० टक्के कूलंट पुरे. तयार मिश्रण घेतलं तर त्यात पुन्हा पाणी घालू नका. रंगावर जाऊ नका, हिरवा-लाल-गुलाबी यांना काही एक ठरलेला अर्थ नाही. झाळकामाच्या पितळी रेडिएटरला जुन्या पद्धतीचं, तांबं-पितळ-झाळ यांना चालतं असं डब्यावर लिहिलेलं कूलंट घ्या, दर दोन वर्षांनी बदला आणि दोन प्रकार मिसळू नका. गळती थांबवायला हळद किंवा पावडर टाकायची ट्रकवाल्यांची युक्ती माळरानावर अडकलात तर घरी पोचवेल, पण ती नळ्याही तितक्याच तत्परतेने बुजवते.

भरताना गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येईल. हीटर असेल तर त्याची वाट उघडी ठेवा. हळू भरा, होज दाबत राहा, इंजिन चालवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा, बुडबुडे संपले की कॅप लावा. दुसऱ्या दिवशी थंड गाडीत पातळी पुन्हा बघा. बुडबुडे संपतच नसतील आणि वर्षभरात गाडी पुन्हा पुन्हा उकळली असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्या आणि हेड काढून सरळ पट्टीने तपासून घ्या.

इंजिनकडूनही उष्णता वाढते, हे विसरू नका. डिस्ट्रिब्यूटरचा व्हॅक्युम पडदा फाटलेला असेल, टायमिंग मागे असेल, कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ असेल किंवा एखादा ब्रेक घासत असेल, तर कुठलाही रेडिएटर कमी पडेल.

आता एसी. एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे येतो आणि आत येणारी हवा सहज पाच-दहा अंशांनी तापवतो. वर म्हटलेला ४७ अंशांचा फरक मग ४० च्या आसपास येतो, शिवाय कंप्रेसर इंजिनवर ओझं टाकतो. इथे मात्र मोठा कोअर आणि इलेक्ट्रिक फॅन हा खर्च योग्य आहे. तुमच्या मॉडेलवर डायनामो असेल तर आधी अल्टरनेटर. आयडलवर डायनामो फॅनला पुरेल इतकी वीज देत नाही. फॅनसाठी रिले, स्वतंत्र फ्यूज आणि जाड वायर वापरा, डॅशबोर्डच्या बटणातून थेट वीज नेऊ नका. फॅनचा स्विच थर्मोस्टॅटच्या आकड्याहून वरच्या तापमानाचा निवडा, नाहीतर फॅन कधी बंदच होणार नाही. कंप्रेसर लागताच फॅन लागला पाहिजे, अशी दुसरी जोडणी रिलेवर करून घ्या.

हे सगळं झाल्यावर पुन्हा भेरूघाट चढा. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन जरा फिरतं ठेवून. तिसऱ्यात घुसमटत नेलं की फॅन आणि पंप दोन्ही मंद फिरतात आणि ओझं मात्र तेवढंच राहतं. काटा चढायला लागला तर थांबा, इंजिन लगेच बंद न करता जरा वेगाने फिरू द्या. वाफ दिसली तर मात्र लगेच बंद करा. गरम कॅप उघडू नका आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड वाकतं. वरच्या आणि खालच्या टाकीचे आकडे, त्या वेळची हवा आणि गिअर लिहून कळवा. कोअर किती मोठा घ्यायचा आणि या इंजिनला एसी झेपेल का, हे त्या आकड्यांवरून सांगतो.